मावळण सुळक्यावरची कोरी फिल्म

मी, अभिमन चिंधा सैंदाणे, वय वर्षे ५९, धंदा फोटोग्राफी, राहणार देवपूर, धुळे, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दुखणं छातीचं आहे, डोक्याचं नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दोराला लटकून फोटो काढणाऱ्या माणसाने हा कागद वीस वर्षं आधीच करायला हवा होता, असं माझ्या पत्नीचं म्हणणं आहे.

१. देवपूरचं दोन खोल्यांचं घर आणि पोस्टातली बचत माझी स्वकष्टार्जित असून ती सर्व पत्नी झुंबरबाई हिला द्यावी. ही कमाई अमळनेरच्या कॉलेजातल्या पोरांचे ओळखपत्राचे फोटो काढून आणि लग्नाच्या ऑर्डरी घेऊन झाली. डोंगराने मला एका मासिकाचं मुखपृष्ठ, दोन बक्षिसं आणि मोडका गुडघा दिला. "लग्नात माझे चार फोटो काढले, अन् त्या तोरणमाळचे चार हजार!" हे ती अजून ऐकवते. खरं आहे, झुंबर. पण कड्यावर कॅमेरा नेहमी तुझ्याच जुन्या लुगड्यात गुंडाळून नेला, हेही खरं आहे.

२. सर्व निगेटिव्ह आणि डार्करूमचं सामान मुलगी केसर हिला. फिल्मच्या डब्या मेणकापडात बांधून रांजणातल्या ओल्या वाळूत ठेवायच्या. धुळ्याच्या उन्हाळ्यात पंख्याचा भरवसा धरू नकोस.

३. रुपचंद कॅलेंडरवाल्याने माझ्या लळिंग किल्ल्याच्या फोटोवर स्वतःच्या दुकानाचं नाव छापलं. त्याला अंत्ययात्रेला यायची मोकळीक आहे. हार मात्र त्याने घरी जाऊन त्या कॅलेंडरलाच घालावा.

४. आता मुख्य गोष्ट. तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

जानेवारी १९८४ मध्ये, शिरपूरच्या वर सातपुड्यातल्या मावळण सुळक्यावर माझा गिर्यारोहक दोस्त भटू बडगुजर एकटा चढला. त्याआधी तिथे कोणी पोहोचलं नव्हतं. मी समोरच्या कड्यावर बसून छत्तीस फोटो काढले. घरी येऊन डार्करूममध्ये कॅमेरा उघडला तर काय! थंडीने बधिर झालेल्या बोटांनी भरताना फिल्मचं टोक चाकात अडकलंच नव्हतं. छत्तीस वेळा खटका दाबला, आणि आत फिल्म जागची हललीसुद्धा नव्हती.

मी सगळ्यांना सांगितलं की रसायन खराब निघालं. पुढे धुळ्यात गिर्यारोहकांची बैठक भरली. "काय भटू, दोर पायथ्यालाच गुंडाळून आलास का?" म्हणून लोक हसले. भटूने माझ्याकडे पाहिलं. 'मी डोळ्यांनी पाहिलं' एवढंच म्हणायचं होतं. पण मग कोणीतरी फिल्म मागितली असती, कोरी फिल्म बाहेर आली असती, आणि एवढा नावाजलेला फोटोग्राफर फिल्म भरायला चुकला हे कळलं असतं. मी मान खाली घातली. भटूने त्या दिवसापासून दोराला हात लावला नाही आणि माझ्या घराची पायरी चढला नाही. मला लाज वाटते, भटू. तेरा वर्षं वाटते आहे.

तरी लिहून देतो की, भटू मोतीलाल बडगुजर मावळणच्या माथ्यावर पोहोचला, त्याने तिथे लोखंडी खुंटी ठोकली, आणि हे मी पाहिलं. कोरी फिल्म या कागदासोबत पाकिटात आहे.

५. माझा कॅमेरा भटूला द्यायचा विचार होता. आणि साक्षीदार म्हणून सहीही त्याचीच हवी होती, म्हणजे ही हकिकत त्याच्या नावानिशी नोंदली जाईल. वकीलसाहेब म्हणाले, "नाना, ज्याला द्यायचं त्याचीच साक्ष घेऊ नका, पुढे तंटा होतो." तेव्हा भटूने दोन्हींतलं एक निवडावं. कॅमेरा घेतला, तर विकावा की फोडावा ही त्याची मर्जी. सही केली, तर कॅमेरा केसरला. कॅमेरा तिला मिळाला तर तिने मावळणवर जाऊन त्या खुंटीचा फोटो काढावा. पोरी, फिल्म पुढे सरकवताना डावीकडची गुंडी फिरते का, तेवढं दर वेळी बघ. फिरली नाही तर कॅमेऱ्यावर विश्वास ठेवू नकोस आणि बापावरही नाही.

६. माझ्या मागे त्रिशरण-पंचशील म्हणावं, बाकी काही करू नये. भिंतीवर माझा फोटो लावू नये. मी फोटोत चांगला येत नाही.

केसर सकाळच्या एसटीने शिरपूरला गेली आहे. भटू येईल की नाही, मला ठाऊक नाही. सहीची जागा मोकळी ठेवतो.

स्थळ : धुळे
दिनांक : ९ नोव्हेंबर १९९७

लिहून ठेवणार : अभिमन चिंधा सैंदाणे (सही साक्षीदारांसमोर, सायंकाळी पाच वाजता)

साक्षीदार :

१) निंबा तोताराम बोरसे, शेजारी, देवपूर. (सही)

२) भटू मोतीलाल बडगुजर, शिरपूर. (सही) माले कॅमेरा नको. मी वर गयथू, हाई खरं शे. केसरले मीच वर लई जासू.