उजवी पाकळी

११ जुलै १९९४, सोमवार

बाळासोचं पोर गेलं. जुलाब, उलट्या — दोन दिवसांत संपलं सगळं. आळीतलं पंधरवड्यातलं हे तिसरं. आणि लोकांनी धरलं कुणाला? रंगुबाई सुईणीला! तिन्ही पोरं तिच्याच हातावर जन्मली म्हणून. अर्धी आळी त्याच हातांवर जन्मलीय, ते कुणी बोलत नाही.

१३ जुलै

देवळापुढं बैठक. हंबीरराव पाटील म्हणाले, "आमी कशाला कुणाचं नाव घिऊ? भैरोबाच सांगंल." शुक्रवारी कौल. देवाला लावलेल्या दोन पाकळ्यांतली डावी आधी पडली तर करणी रंगुबाईचीच. मग तिचं घर पाडायचं, तिला वेशीबाहेर काढायचं. सत्तरीची बाई, जाणार कुठं?

एकटी अंगणवाडीची अंजना उठली. "आवं, हिरीचं पाणी खराब झालंय. उकळून प्या. मी औषध टाकते." तिला दटावून खाली बसवलं. घरी आल्यावर हे मलाच म्हणाले, "तू यात पडू नकोस." मी तोंड तरी उघडलं होतं का!

१४ जुलै

रंगुबाई आली. वाटलं, रडेल. तर म्हणते, "सूनबाई, म्या काय केलं न्हाई. देव मला वळखतो. लावा कौल." तिला जराही भीती नाही. भीती मला वाटते.

कारण कौल माझ्या हातून जातो. मामंजी गुरव, पण त्यांचे हात आता कापतात. म्हणून पाकळ्या भिजवून मीच त्यांच्या हातात देते, ते देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतात. नऊ वर्षांत एवढं समजलंय — जिला पाणी कमी, ती आधी सुटते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यांनाही नाही.

१५ जुलै, शुक्रवार

केलं! उजवी पाकळी पाण्याला नुसती टेकवली. मामंजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती देवाच्या खांद्याला लावली. आणि उजवीच आधी पडली! "चांगभलं!" बाळासोनं रंगुबाईचे पाय धरले. मी घरी येऊन चुलीपाशी पोटभर रडले. देवाला फसवलं की देवाचंच काम केलं, कळत नाही. पण म्हातारी वाचली.

१६ जुलै

किती दिवसांनी भाकरी गोड लागली.

१९ जुलै

बाळासोच्या पुतणीलाही जुलाब. पुन्हा तेच — मग करणी कुणाची?

२० जुलै

रंगुबाई नारळ घेऊन आली. "कौल कवा खोटा पडत न्हाई सूनबाई, म्या सोता बगितलं. आता अंजनाचा लावा. हिरीत कायतरी पांढरं टाकत हुती ती." मामंजींनी नारळ ठेवून घेतला. कौल परवाच.

आणि मी सकाळपासून बाहेरची. चार दिवस देवळाची पायरी बंद, पाकळीला हात लावायचा नाही. पाकळीचं खरं सांगावं, तर म्हातारी पुन्हा अडकते.