बाबूचा भात

प्रिय रीना,

तुझे भाऊजी उद्या जवाहरनगरला तांदूळ घेऊन येताहेत, त्यांच्याच हाती हे देते आहे. फोन असताना ताईला पत्राचं खूळ कुठून सुचलं म्हणून हसशील. हस. पण परवा तू बोलत होतीस, मागून बाबूचं रडणं ऐकू आलं, आणि माझं पोलकं भिजलं. रेंज गेली म्हणून नंतर सांगितलं ते खोटं होतं. मीच फोन ठेवला होता.

माझी पोर नवव्या दिवशी गेली आणि त्याच आठवड्यात बाळंतपणानंतर तुला नागपूरच्या दवाखान्यात ठेवलं. औषधं इतकी जबर की डॉक्टरांनी तुला पाजायला मनाई केली. तुझ्या नवऱ्यानं, अमरनं, वीस दिवसांचा बाबू सिहोऱ्याला माझ्या मांडीवर आणून ठेवला. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "पाज वं, पण जीव नोको लावू. लोकाचं लेकरू हाये." दूध काय नळाचं पाणी आहे, जीव न लावता द्यायला? तो प्यायला लागला तेव्हा मला माझ्या पोरीसाठी रडू आलं आणि बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याची मला अजून लाज वाटते.

सहाव्या महिन्यात उष्टावण झाली. राजकुमारनं मामा म्हणून खीर चाटवली, बाबूनं ती मामाच्याच नव्या शर्टावर थुंकली, तू व्हिडिओवर किती हसलीस! पुढे अंगणवाडीच्या भावनाताई दर महिन्याला विचारायच्या, "काय वं कामिनी, वरणभात देऊन राहिली का नाही त्याले?" मी सांगायची, "देऊन राहिली न जी, वाटीभर खाते." रीना, मी एक घासही देत नव्हते. गुरगुट्या भात शिजवायची आणि सासूबाईंची पाठ वळली की म्हशीपुढे टाकायची. भात खायला लागला की तुम्ही त्याला नेणार, एवढंच मला दिसत होतं. त्याचं वजन अडलं, तरी दात येताहेत म्हणून वेळ मारून नेली. असली तुझी ताई.

तू बरी झालीस आणि अकरा महिन्यांच्या बाबूला घरी घेऊन गेलीस. आज पाच दिवस झाले. वाटीतलं दूध चार घोट घेतो, घास पुढे केला की तोंड मिटतो, आणि तू रडून मला म्हणतेस, "ताई, माह्याच हातात काही कमी हाये वं." तुझ्या हातात काही कमी नाही. घास म्हणजे काय हेच त्या लेकराला ठाऊक नाही, कारण मी ते होऊ दिलं नाही. दवाखान्यात विचारलं तर माझं नाव घेऊन सगळं खरं सांग.

एकदा येऊन पाजून जा, असं तू म्हणालीस. ऐकून मी किती हरखले ते सांगण्यासारखं नाही. रविवारी येते. पण कडुलिंबाचा पाला वाटून छातीला लावून येईन. बाबू माझ्याकडे झेपावेल, तोंड लावेल आणि कडू लागलं की मान फिरवेल. रडेल. तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. त्याला माझ्या मांडीवरून उचल आणि तुझ्या हातानं मऊ भात भरव, थोडं तूप घालून. पहिला घास थुंकेल, दुसरा दे. मी हात पुढे केले तरी त्याला माझ्याकडे देऊ नकोस.

तुझीच, आणि तुझीच अपराधी,
कामिनीताई