शिंपल्याचे एकोणीस चाकू आणि अर्धं लिंबू

आधी शेजारची पारूबाई आली. साक्षीची सही करायला बोलावली होती, पण बसल्या बसल्या तिनं समोरच्या दारात कुणाची मोटारसायकल लागली ते सांगितलं, चहा घेतला, अन् मग विचारलं, "कागद कुठाय?" तिच्यामागून सोमनाथ आला, गुलमंडीत मोती ओवून देतो तो. सगळ्यात शेवटी फुलंब्रीहून माझा थोरला राजकुमार आणि सून सुलेखा. सुलेखानं अकरा वर्षांनी माझा उंबरा ओलांडला. म्हणून आज मी खुशीत आहे. खुशीत लिहिलेलं मृत्युपत्रही चालतं, असं वकिलांना विचारून घेतलं आहे.

तर मी, सत्यभामा कडुबा हिवराळे, वय चौऱ्याहत्तर (आधार कार्डावर एकाहत्तर आहे, ते चूक), राहणार भावसिंगपुरा. शाळा दुसरीपर्यंत, पुढचं रद्दीतले पेपर वाचून. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कुणी धमकावलं नाही, कुणी गोड बोलून लिहून घेतलं नाही. माझ्यामागं माझ्या वस्तूंचं काय करायचं, ते माझ्या हातानं लिहिते.

घर दोन खोल्यांचं. राजकुमार आणि धाकटा आकाश, दोघांना निम्मं निम्मं. मधली भिंत पाडायची का ठेवायची ते त्यांनी ठरवावं, मला स्वप्नात बोलावून विचारू नये. पोस्टातलं पुस्तक आकाशची मुलगी श्रेया हिच्या शिक्षणाला.

आमच्या यांचं धारेचं चाक छावणीच्या बाजारात बसणाऱ्या कारभारीला द्यावं. घरात कुणाला धार लावता येत नाही, शोभेला ठेवाल तर गंजेल. यांनी चाळीस वर्षं त्या चाकावर छावणीचे सुरे-कात्र्या ओढल्या. धार बघायला पातं केसावर फिरवायचे, म्हणून त्यांच्या डाव्या हाताला कधी केसच नव्हते.

पारूबाईनं नेलेला माझा खलबत्ता तिच्याकडंच राहू द्यावा. पण तो माझा आहे, हे लेखी असावं. (हे वाचून ती म्हणाली, "व्हय गं बाई, लिही, सोन्याचा हाय ना तो.")

आता चाकू. घडीचे, जुने, मोत्याच्या शिंपल्याच्या मुठीचे, एकूण एकोणीस. पहिला यांनी छावणीच्या गुरुवारच्या बाजारातून आणला. पातं मोडकं होतं, पण मूठ उन्हात धरली की आत गुलाबी-हिरवं पाणी हलायचं. मी म्हणलं, असले अजून आणा. मग जुन्या सामानात कुठं दिसला की आणायचे. लोकांच्या बायका पाटल्या मोजतात, मी चाकू मोजले. भाजी कधी कापली नाही त्या चाकूंनी.

त्यातला तो पहिला माझा लाडका. अकरा वर्षांमागं एका सकाळी बघते तर त्याची मूठ पांढरी फटक, खडूसारखी. शेजारी खिडकीत अर्धं लिंबू. मी काही विचारलं नाही. दारात जाऊन ओरडले, "सुनेनं माझ्या चाकूनं लिंबू कापलं, जीव घेतला त्याचा!" सगळ्या गल्लीनं ऐकलं. सुलेखा म्हणाली, "आत्याबाई, म्या हात बी लावला नाय." मी म्हणलं, "मंग लिंबू काय उडत आलं?" महिन्याभरात ती दोघं फुलंब्रीला राहायला गेली. राजकुमार सणाला यायचा, एकटा.

गेल्या गुरुवारी सोमनाथला बोलावलं, चाकूंची यादी नीट करायला. त्यानं पहिला उचलला, नखानं मूठ खरवडली.

"मावशी, याला आंबट काय लावलं?"

"सुनेनं लिंबू."

"एका लिंबानं असं होत नाय. आन् ह्ये बाकीचे अठरा बी गेलेत थोडे थोडे."

मी म्हणलं, दर साली चौदा एप्रिलच्या आधी तांबं-पितळ चिंचेनं घासते, तेव्हा चाकूपण घासून घेते, चमकायला. तो लाडका म्हणून त्याला दोनदा.

सोमनाथनं डोक्याला हात लावला. "मावशी, शिंपला हाय तो, तांब्या नाय. आंबटानं शिंपला मरतो."

मला आधी हसू आलं. मग आठवलं. ते लिंबू मीच विळीवर कापलं होतं, सरबताला.

म्हणून लिहिते, की एकोणीसच्या एकोणीस चाकू सुलेखा राजकुमार हिवराळे हिला, एकत्र, विनाअट. ओल्या फडक्यानं पुसावेत, चिंच लावू नये. चूक माझी होती, तिची नव्हती.

एवढं वाचून दाखवलं आणि पहिला चाकू तिच्यापुढं धरला. पारूबाई ओरडली, "हातात देऊ नको गं, खाली ठेव! भांडण व्हतं."

सुलेखा म्हणाली, "आता अजून कोणतं व्हायचं राह्यलंय मावशी?" पण चाकू घेतला नाही. म्हणाली, "आत्याबाई, चाकू ऱ्हाऊ द्या. तुमी वरडल्या गल्लीत, आन् कबूल करता कागदावर? ह्यो कागद कोण वाचनार, तुमी गेल्यावर?"

राजकुमार म्हणाला, "जाऊ दे ना आता." ती म्हणाली, "तुमी गप बसा."

खरं आहे तिचं. मी विचारलं, "मग कवा सांगू?" ती म्हणाली, "नळाला पानी येतं त्या दिवशी. सगळी गल्ली भांडे घेऊन भाईर असती." आमच्याकडं आठ दिवसांनी पाणी येतं, पाळी बुधवारची आहे.

तरी हे कलम राहू द्यावं. त्याआधी माझं काही बरंवाईट झालं, तर आकाशनं नळापाशी उभं राहून हे मोठ्यानं वाचावं, लिंबासकट. मग माती करावी.

सुलेखाला साक्षीदार म्हणून सही करायची होती. वकील फोनवर म्हणाले, जिला मिळतं तिची चालत नाही.

सही: सत्यभामा कडुबा हिवराळे
साक्षीदार: १) पारूबाई (सही करते, अंगठा नाही) २) सोमनाथ, गुलमंडी
स्थळ: भावसिंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १४ मार्च २०२६, शनिवार

चाकू सध्या माझ्याच पेटीत. राजकुमार आणि सुलेखा बुधवारी सकाळी येतो म्हणाले आहेत, पाणी येवो न येवो.