बाबांच्या विनोदी गोष्टी

प्रिय ताई,

बाबांचं कपाट रिकामं केलं. साप्ताहिकाचे अंक रद्दीत घालवेनात, म्हणून त्यांत छापून आलेल्या बाबांच्या सगळ्या गोष्टी पुन्हा वाचल्या. या खेपेला हातात पेन्सिल घेऊन. तुला हसू येईल. निदान यावं.

या गोष्टींवरून आपण किती भांडलो. अंक आला की मी मोठ्याने वाचायचो, आई हसून हसून डोळे पुसायची आणि तू पेन्सिलीने खुणा करत बसायचीस. मी म्हणायचो, अगं, माणूस दिवसभर राबून येतो, त्याला घटकाभर हसू दे. गोष्ट म्हणजे काय बंद पडलेली लिफ्ट आहे, उघडून बघायला? तू म्हणायचीस, लिहिणाऱ्याने जीव ओतून लिहिलंय, आपण निदान नीट वाचावं. बाबा मधे पडायचे नाहीत. पोस्टात खिडकीमागे चाळीस वर्षं गप्प बसले, तसेच घरीही.

आई गेल्यावर गोष्टी उलट जास्तच विनोदी झाल्या. त्यांच्या प्रत्येक गोष्टीतला तो विसरभोळा कारकून एकीत छत्री शेजाऱ्याला देऊन टाकतो आणि भिजत येतो. एकीत मुलाला कुकर लावायला शिकवतो. एकीत चष्मा घरीच ठेवून फिरायला निघतो. म्हणतो, आता बघण्यासारखं उरलंय काय? आमच्या वर्कशॉपमध्ये ते वाक्य महिनाभर चाललं. कुणी चहाला हाक मारली तरी आम्ही तेच म्हणायचो.

मग एका सकाळी बाबांचा चष्मा टेबलावर राहिला. तिसऱ्या दिवशी आपण दोघांनी त्यांची ओळख पटवली. चौकीच्या बाकावर तू विचारलंस, माझं पत्र मिळालं होतं का रे? मी नाही म्हणालो. तू एवढंच म्हणालीस, मी फोन करायला हवा होता.

ताई, पत्र मिळालं होतं. बाबा जायच्या बारा दिवस आधी. तू तीन पानं भरून लिहिलं होतंस की हा कारकून निरवानिरव करतोय, बाबांना एकटं सोडू नकोस, डॉक्टरांकडे ने. जेवताना मी ते त्यांना वाचून दाखवलं, तुझा वर्गातला आवाज काढून. म्हटलं, बघा, तुमच्या विनोदाचं बाईंनी काय केलंय. बाबा हसले. मग हात पुढे करून त्यांनी पानं मागितली, सावकाश वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "पोरीने बरोबर वाचलंय." मला वाटलं, लेकीचं कौतुक करताहेत. मी ताटं उचलून धुवायला गेलो.

परवा भावजींकडून कळलं, तू कॉलेजचा राजीनामा लिहून ठेवला आहेस. इतकं वाचून-शिकवून शेवटी उपयोग काय झाला, असं म्हणालीस म्हणे. म्हणून आज हे सांगतोय. तू वेळेवर वाचलंस आणि वेळेवर कळवलंस. राजीनामा फाडून टाक. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. तुझं पत्र सोबत ठेवलंय. घडी बाबांची आहे, मी ती उघडलेली नाही.

तुझाच, म्हणू दिलंस तर,
धाकटा