भोकाच्या विटा

९ फेब्रुवारी
सुनंदा, वही तू संक्रांतीला दिलीस आणि पहिली ओळ मी आज लिहितो आहे. फार उशीर झाला, माफ कर. "बाबा, दिवसातून सहादा फोन करून राह्यले तुमी. मनात येते ते वहीत लिहा, मी वाचीन ना," म्हणाली होतीस. मी सातवी पास माणूस. सहीपुरता पेन धरतो. पण आज नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

घराचे खांब झाले, स्लॅब ओतून झाला, भिंती राहिल्या, एवढं तुला माहीत आहे. आज भद्रावतीहून प्रभाकरचा फोन. म्हणे विटा सांगून टाकल्या.
"लाल ना?"
"मातीच्याच हायेत बाबा, भाजलेल्या. पण पोकळ. उन्हाळ्यात घर थंड राह्यते."
"पोकळ म्हंजे?"
"म्हंजे आतून भोकं असतात."
मी फोन ठेवून दिला. भोकं! आपल्या घराच्या भिंतीत! आणि सांगतो कोण, तर त्याच आईचा पोरगा!

१० फेब्रु.
झोप नाही. प्र. विसरला असेल, तो तेव्हा खाणीत ड्युटीवर होता. मी विसरत नाही. तीन वर्षं होतील आता पावसाळ्यात. पहाटे तुझी आई उठून बसली, म्हणाली पोट दुखून राह्यलं. मी ओवा दिला. चावल्याची कळ नाही, सूज नाही, दात उमटलेले नाहीत, कोणाच्या ध्यानात येणार? आरमोरीच्या दवाखान्याच्या वाटेवर तिच्या पापण्या उचलेनात. दुपारी मातीच्या भिंतीत बीळ सापडलं, बिळात मण्यार.

ते घर मी पाडलं. तेव्हापासून तू इथं एक रात्र काढली नाहीस. गावात दुसऱ्याच्या घरीही नाही. चंद्रपूरहून सकाळच्या गाडीनं येतेस, दुपारच्या गाडीनं जातेस. नवं घर कशासाठी चाललं आहे? आतली खोली तुझ्या नावाची आहे म्हणून. आणि हा दीडशहाणा त्या खोलीला भोकं आणतो.

१२ फेब्रु.
गावाबाहेरच्या भट्टीवर जाऊन आलो. लाल वीट, भरीव, हातात घेतली की वजन कळतं. भट्टीवाला म्हणाला, पाहिजे तेव्हा ट्रॅक्टर पाठवतो. दुसरा कोणी भेटला तो म्हणे राखेची वीट घ्या, चंद्रपूरकडं सगळे तीच लावून राह्यले. तीही भरीव. जगात भरीव विटा संपल्या होत्या का?

प्र.ला फोन केला. "बाबा, खांब इंजिनेरानं हलक्या भिंतीच्या हिशोबानं काढले. आता वीट बदलता येत नाई." म्हणजे आधीच ठरवलं होतं. मला विचारलं ते स्लॅबचा नारळ कोण फोडणार एवढंच.

१५ फेब्रु. रविवार
ट्रक आला. अर्धं गाव पाहायला. एकेक वीट खोक्याएवढी, उभ्यानं आरपार भोकं. शेजारचा वामन एका भोकात मनगटापर्यंत हात घालून म्हणतो, "लक्ष्मण भाऊ, घर बांधून राह्यले का कबुतराचं खुराडं जी?" दुसरा कोणी मागून, "कुरखेड्याच्या जंगलातून हत्ती आले तं धक्का देणार नाईत, फुंकर मारतीन!" सगळे हसले. मी नाही हसलो.

उतरवताना किती फुटल्या ते मोजायलाही ड्रायव्हर थांबला नाही. म्हणे रस्ता खराब. रस्ता मी केला का?

रहीम मिस्त्री आरमोरीचा. त्यानं करणीच्या दांड्यानं एक वीट ठोकली. "आयका भाऊ, कशी ठण वाजते. चांगली भाजली."
मी म्हटलं, भांडंही वाजतं. त्याची भिंत बांधतो का कोणी?

१७ फेब्रु.
काम सुरू. विटा आधी पाण्यात भिजवतात, मग लावतात. कोपऱ्यावर भोकं उघडी दिसली. मी म्हटलं, ही सगळी सिमेंटनं भर.
मि. म्हणतो, "सगळी भरली तं पोकळ वीट कायले आणली? थंडावा त्या आतल्या हवेचाच हाये भाऊ."
"आन् हवेत काय राह्यते ते मी भोगलं हाये."
त्यानं एक वीट उचलून दाखवली. "खाली सिमेंटचा मसाला, वर मसाला, दोन्ही बाजूनं प्लास्टर. कोपऱ्याचं तोंड मी बुजवतो. आता तुमी मुंगीले वाट दाखवा. दाखवली तं काम बंद करतो."
मला दाखवता आली नाही. पण दाखवता आली नाही म्हणजे नाहीच, असं थोडीच असतं. त्या रात्री तरी कोणाला वाट दिसली होती?

२० फेब्रु.
भिंतीत खुंटी ठोकून पाहिली. वीट फुटली, आत हात जाईल एवढं भगदाड. घ्या! ज्या भिंतीला बंडी टांगता येत नाही ती भिंत कसली?
मि. ओरडला, "हातोडा नाई चालत हिले! ड्रिल मारून वेगळी खुंटी बसते." प्र.ला फोनवर सगळं सांगितलं. तो हसला. हसला! मी फोन बंद करून टाकला.

२२ फेब्रु. रविवार
मि. तीन दिवस वडसाला गेला, भाचीचं लग्न. आतल्या खोलीची भिंत कमरेएवढी झाली आहे. वरची भोकं आ वासून बसली आहेत. पुढची रांग चढेपर्यंत झाकायला काही नाही. सकाळी दोन खेपा जाऊन पाहिली. भोकांत वाकून पाहिलं तर काळोख. मला तुझ्या आईचे डोळे आठवले. उघडता येत नव्हते ते.

दुपारी राइस मिलवरून तुसाची दोन पोती आणली. धानाचा तूस मी लहानपणापासून पाहतो, त्यात पाणी मुरत नाही, लवकर कुजत नाही, ऊन धरत नाही. एकेक भोक काठीनं ठासून भरलं. पाठ मोडली. पण आता कोणी येऊन दाखवा आत.

हे पान तुला दाखवायचं की फाडायचं ते मग पाहू.

२६ फेब्रु.
आजच्यासारखी फजिती आयुष्यात झाली नाही.

मि. काल परत आला, आज सगळे आतल्या खोलीकडं वळले. शेवंता नावाची मजूर बाई आहे, रेजा, सिमेंटचा गारा वाहते, कुरखेड्याकडच्या खेड्यातली. तिनं भिंतीवर घमेलं टेकवलं आणि किंचाळली. भोकातून उंदीर उडाला. एक नाही, तीन-चार. सगळीकडं तूस उकरलेला, लेंड्याच लेंड्या. मिलच्या तुसात तुटक्या तांदळाची कनकी राहते हे माझ्या ध्यानातच आलं नाही. साठ वर्षं धान पिकवतो आणि हे ध्यानात आलं नाही.

मि.नं रिकामी पोती पाहिली, मग मला पाहिलं. "भाऊ, वरात तं माझ्याकडं होती. पंगत तुमी इथी बसवली."
मी म्हटलं, मला काय माहीत, मिलवाल्याला विचार. सगळे हसले. चाललं असतं. पण शेवंता हसली नाही. मला म्हणाली, "भाऊ, साप काऊन येते तुमाले ठाऊक नाई का? तो उंदरामागं येते, उंदीर धानामागं. भिंतीत त्याचं कोन हाये? तुमच्या त्या घरी धान कुठी राहे?"

मी तिच्यावर ओरडलो. सगळ्यांसमोर. गारा वाहायला आलीस की मला शिकवायला?
"गारा वाह्यतो म्हून डोळे थोडीच फुटले जी," म्हणाली आणि घमेलं उचलून गेली.

२७ फेब्रु.
दिवसभर बांधकामावर गेलो नाही. तिला कोणी विचारलं होतं? काल जाता जाता म्हणे, आम्ही धान घराबाहेर उंच माचावर ठेवतो. ठेवा. तुमच्याकडं चोर नसतील.

१ मार्च. रविवार
प्र. आला. तूस पाहून काही बोलला नाही, त्याचाच मला जास्त राग आला. नकाशा पसरून बसला, विजेचे बोर्ड कुठं ते विचारायला. आतल्या खोलीत पलंगाची चौकट, आणि पलंगाच्या डोक्याशी एक गोल.
मी विचारलं, "हे काय?"
"ढोली. धानाची."
"पलंगाजवळ कोणं काढली?"
"तुमीच ना जी बाबा. दिवाळीत म्हणाले, ढोली होती तशीच आतल्या खोलीत ठेव, धान डोळ्यापुढं पाहिजे."
मी त्याला बोल बोल बोललो. इंजिनेराला बोललो, विटांना बोललो. ज्याचा काही संबंध नाही त्या वामनलाही. मग बांधावर जाऊन बसलो. प्र. मागून पाण्याची बाटली घेऊन आला, ठेवून निघून गेला.

३ मार्च
आता लिहितोच.

त्या साली वामनच्या ओसरीतून धान गेलं होतं. म्हणून मी ढोली बाहेरून आत आणली, तुझ्या आईच्या बाजेजवळ. बांबूची मोठी ढोली, शेणानं सारवलेली, मागं भिंतीला टेकून. आठ दिवसांत उंदीर झाले. ती म्हणाली, "रात्रभर उकरतात जी, धान बाहेर काढा." मी म्हटलं, चोरीला गेलं तर खाशील काय? पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, मांजर पाळ. तिसऱ्यांदा म्हणाली नाही. बाज थोडी सरकवून घेतली, बस.

बीळ ढोलीच्या मागं निघालं. मातीत धानाची टरफलं होती, मी पायानं सारली. तेरवीला आलेल्या सगळ्यांना मी भिंत दाखवली. ढोली दाखवली नाही. मातीच्या भिंतीनं बायको खाल्ली असं तीन वर्षं सांगतो आहे.

५ मार्च
मि.नं तूस काढला, भोकं झाडूनपुसून घेतली, एक रांग उतरवून पुन्हा लावली. मी बाजूला उभा होतो. म्हटलं, ढोली आत नको. अंगणात, घरापासून लांब, उंच ओटा घे.
"किती उंच?"
"उंदराले उडी मारता येणार नाई एवढा."
"घेतो. आन् विटा लाल लावतो भाऊ, भरीव. नाई तं तुमी पुन्हा तूस आणसान."

शेवंताला मी काही बोलू शकलो नाही. दुपारी चहा केला तेव्हा तिचा कप आधी भरला. तिनं प्यायला, एवढंच. नको म्हणाली असती तर बरं झालं असतं असंही वाटलं.

त्या विटा मला अजून आवडत नाहीत, हेही लिहून ठेवतो. खुंटी ठोकता येत नाही ते नाहीच.

८ मार्च. रविवार
आतल्या खोलीची भिंत दाराच्या उंचीला आली. बाहेर ऊन तापलं आहे, आत खरंच गार आहे. सकाळी प्र. भिंतीला पाठ टेकून बसला होता, मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. दुपारच्या गाडीनं तो निघेल, चंद्रपूरला उतरून वही तुझ्या हातात देईल. एकही पान फाडलं नाही. दोनदा हात गेला होता.

सुनंदा, एक विचारायचं आहे. फोनवर विचारता येणार नाही म्हणून इथं लिहितो. त्या दिवशी मी ढोलीमागची टरफलं सारत होतो तेव्हा तू चंद्रपूरहून येऊन दारात उभी होतीस. तू मला पाहिलंस का? आईनं तुला फोनवर उंदरांचं सांगितलं होतं का? मला इतके दिवस वाटत होतं, तू भिंतीला भितेस. म्हणून मी भिंतीशी भांडत होतो. भिंत नसेल, मी असेन, तर तसं सांग. घर तरीही पुरं करीन, खोली तुझीच राहील, तू दुपारच्या गाडीनं गेलीस तरी.

तुला राग आला असेल तर राग लिही. काहीही लिही, पण गप्प बसू नको. लिहिणं नको वाटलं तर प्र.जवळ नुसतं हो किंवा नाही सांग. मिस्त्री विचारतो आहे, आतल्या खोलीत पलंग कोणत्या भिंतीकडं येणार. मी त्याला म्हटलं, थांब, पोरगी कळवेल. लवकर कळव.