अक्काच्या कपाटाचा हिरवा रंग

लिहून ठेवणार सन्मती रामगोंडा मगदूम, वय ४९, धंदा जुने फर्निचर दुरुस्त करणे व रंगवणे, राहणार कवठे महांकाळ, जिल्हा सांगली.

णमोकार मंत्र म्हणून लिहायला बसलो आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेत नाही. येत्या बुधवारी मिरजेला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. मलाही फारशी नाही. पण दुरुस्तीला आलेली वस्तू ज्याची त्याला पोचली पाहिजे ही माझ्या दुकानाची शिस्त आहे, तीच आता घराला लावतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, दुकानाचा गाळा आणि बँकेतील सर्व ठेवी पत्नी भाग्यश्री हिच्या. तिच्यानंतर आमची एकुलती मुलगी राजुल हिच्या. राजुल साताऱ्यात एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरी करते व भाड्याच्या खोलीत राहते. भाग्यश्रीने माझ्याकडे कधी जास्तीचे काही मागितले नाही. आता ती पैसे कशावर घालते हे कोणी विचारू नये, तिच्या माहेरच्यांनीही नाही.

२. गावाकडच्या रानाची वाटणी धाकटा भाऊ जिनेंद्र आणि मी यांच्यात समजुतीने झालेली आहे. माझा हिस्साही भाग्यश्रीचा. रानावरून आमचा वाद नाही. वाद एका कपाटाचा आहे, तो पुढे येईल.

३. रंधे, पटाशा, स्टेपल मारायचे यंत्र आणि सर्व ब्रश शेजारच्या रंगाच्या दुकानाचे मालक जोतीराम यांना द्यावेत. माझे ब्रश नायलॉनचे आहेत, डुकराच्या केसांचे नाहीत. लाकूड चिकटवायचा सरस जनावरांच्या हाडाकातड्याचा म्हणून मी तो वापरला नाही, आणि लाख किड्यांपासून होते म्हणून लाखेचे पॉलिशही नाही. अस्तराला सुती कापडच घेतो आणि ते मैद्याच्या खळीने लावतो. खळीत कडुलिंबाचा पाला उकळला की कीड आधीच लांब राहते, मारावी लागत नाही. दिवेलागणीनंतर रंगाचा डबा उघडत नाही, कारण ओल्या रंगावर चिलटे येऊन चिकटतात. जोतीराम हे बघून म्हणायचे, "मगदूम, तुमच्यासारखी चार गिऱ्हाइकं मिळाली तर दुकान बंद करून मी तुमच्या जैन बस्तीतच देवापुढं येऊन बसंन." खुशाल बसावे. ब्रश मात्र धुऊन ठेवावेत.

४. साताऱ्याचे निवृत्त सुभेदार मानसिंग जाधव यांची लोखंडी ट्रंक दुकानात तयार आहे. वर बसण्यासाठी गादी शिवून बसवली आहे. ती त्यांना पोचवावी. उशीर झाल्याचे मला मान्य आहे. "मगदूम, एवढ्यात लढाई संपून तह झाला असता," असे ते फोनवर म्हणाले. ट्रंकेवर त्यांचे नाव आणि नंबर पांढऱ्या अक्षरांत होते. त्यांच्या घरच्या बाईंनी ते पुसायला सांगितले, सुभेदारांनी ठेवायला सांगितले. मी बाहेरचे पुसले आणि झाकणाच्या आतले ठेवले. दोघांनी एकमेकांना सांगू नये.

५. माझी थोरली बहीण, पूर्वाश्रमीची चंदना, आमची अक्का, आता आर्यिका माताजी, म्हणजे जैन साध्वी आहेत. त्यांचे दीक्षेनंतरचे नाव इथे लिहीत नाही, मृत्युपत्रात त्यांना ओढणे बरे नाही. त्यांना मी काहीही ठेवत नाही. एक पांढरे वस्त्र, मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू यांपलीकडे त्यांना वस्तू चालत नाही. त्यांचा संघ या बाजूला आला तर भाग्यश्रीने आहाराची व्यवस्था करावी, एवढेच.

६. आता कपाट. सागवानी, उभ्या आरशाचे, खाली तीन खण असलेले. अक्काचे लग्न ठरले तेव्हा वडिलांनी तिला आंदण द्यायला करवून घेतले होते. कपाट घरात आले, त्याच वर्षी अक्काने दीक्षा घ्यायचे ठरवले. दीक्षेच्या आदल्या दिवशी नवरीसारखे सजवून मिरवणूक काढतात. अक्का या आरशासमोर शेवटची सजली. दुसऱ्या दिवशी मंडपात तिने आपले केस स्वतःच्या हाताने उपटले. मी तेव्हा दहावीत होतो, जिनेंद्र चौथीत. आई दिवसभर रानात असायची, त्यामुळे जिनेंद्रला अक्कानेच वाढवले होते. तिचे केस खाली पडताना पाहून तो मंडपात ओरडला होता, हे गावात अजून सांगतात.

आईला आम्ही अव्वा म्हणायचो. अक्का गेल्यावर अव्वाने त्या कपाटाला कोणाला हात लावू दिला नाही. रोज फूल, रोज उदबत्ती, सणाला आरशाला कुंकू. पुढे लोकही येऊन नमस्कार करू लागले. ज्या बाईने सगळे सोडले, तिची एक वस्तू आम्ही सोडायला तयार नव्हतो. ही चूक फक्त आमच्यासारख्या भाविक घरातच होऊ शकते. साखर ठेवल्याने मुंग्या येत आणि दिव्याच्या तेलात पडून मरत. धुराने लाकूड काळे झाले, आरशाचा पारा उडाला, खालच्या खणाला कीड लागली. लाकडाचा माणूस असून मी हे नुसते पाहत होतो, कारण अव्वाचे मन मोडवत नव्हते.

गेल्याच्या गेल्या चातुर्मासात संघ सांगलीजवळ होता. अव्वाला घेऊन मी दर्शनाला गेलो. अव्वाने हात जोडून मोठ्या भक्तीने सांगितले की तुमचे कपाट मी जसेच्या तसे ठेवले आहे, रोज पूजा करते. माताजींनी विचारले, "त्यात अजून मी दिसते व्हय?"

एवढेच. आम्हाला आशीर्वाद देऊन त्या स्वाध्यायाला गेल्या.

घरी आल्यावर चार-पाच दिवसांनी अव्वाने ट्रंकेतले आपले सुती लुगडे काढले, काठाकडून टर्रकन फाडले आणि माझ्यापुढे टाकले. "हे खणांत लाव. रंग तुला कसला द्याचा तो दे. राजुलला व्हईल," म्हणाली. मी विचारले, नक्की ना? "फाडलं न्हवं मी? मग परत इचारू नगंस."

मी कपाट अंगणात सावलीत काढले, मऊ झाडूने कीड झाडून बाहेर सोडली. वडिलांनी करवून घेतलेले पॉलिश लाखेचे होते, ते पॉलिश पेपरने घासून उतरवले. भेगांत लांबीचा लगदा भरला, प्रायमरचा हात दिला आणि हिरव्या रंगाचे दोन हात मारले. शाळूचे पीक पोटरीत येताना असतो तसा हिरवा. आरसा नवा बसवला. खणांना आतून अव्वाचे लुगडे लावले, निळी चौकडी वर येईल असे. राजुल सुट्टीला आली की त्यात कपडे ठेवते आणि आरशासमोर केस विंचरते. अव्वा ते दारातून बघत बसायची.

पुढच्या उन्हाळ्यात अव्वा वारली. तिसऱ्या दिवशी जिनेंद्रने कपाट पाहिले. तो गावाकडे राहतो, तोपर्यंत त्याला माहीत नव्हते. तो म्हणाला, "अव्वा गेली आन् तू अक्काला पुसलंस." अव्वानेच सांगितले होते, असे मी म्हणालो. त्याने विश्वास ठेवला नाही. मेलेल्या माणसाची साक्ष कोणी कशी काढणार? त्यानंतर त्याने माझ्या घराची पायरी चढलेली नाही. त्याचे म्हणणे असे की रंग खरवडून कपाट त्याच्याकडे द्यावे, तो गावात माताजींच्या नावाने खोली बांधून त्यात ठेवील. त्याचे दुःख खोटे नाही. मी केले तेही चूक नाही. हे कपाट कोणाला जाणार हे शेवटच्या कलमात लिहितो, कारण तो निर्णय मी एकट्याने करणार नाही.

७. ऑपरेशनमध्ये किंवा पुढे कधी मी जाणारच आहे असे दिसले, तर यंत्रांवर ठेवून ओढू नये. कानाशी णमोकार म्हणावा. रडू आले तर रडावे, पण मोठ्याने नको. माझ्या कुठल्याही वस्तूला हार घालू नये.

८. वकिलांनी सांगितले की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार होऊ नये, उद्या शंका निघते. जोतीराम त्यामुळे बाद झाले, ब्रशांपायी. शेजारचे भाऊसो शिंदे तयार झाले. दुसऱ्या साक्षीसाठी मी जोतीरामांकरवी जिनेंद्रला निरोप धाडला. कपाट हवे असेल तर तुझ्या नावाने लिहितो, मग रंग ठेव किंवा खरवड, साक्षीला मी दुसरा माणूस बघतो. तू साक्षीला आलास तर कपाट राजुलचे होईल. दोन्हींत माझा राग नाही.

आज सकाळी जिनेंद्र आला. पायरीवर चपला काढून उभा राहिला, मग आत आला. कपाटाकडे त्याने एकदा पाहिले. बसला नाही. बुधवारी दवाखान्यात कोण कोण आहे, असे त्याने विचारले. भाग्यश्री आणि राजुल, मी म्हणालो.

"दोघीच? आन् रक्त लागलं तर?"

आमचा दोघांचा गट एकच आहे.

"मंगळवारीच येतो मी मिरजेला," तो म्हणाला. भाग्यश्रीने चहा आणला, तो त्याने उभ्यानेच घेतला. कप खाली ठेवून म्हणाला, "सही कुठं करायची?"

सही केलीस तर कपाट राजुलला जाईल, मी पुन्हा सांगितले.

"ठावं हाय. जोतीरामनं दोनदा सांगितलंय." पेन हातात घेऊन तो थांबला. "रंग लय वाईट दिलाईस पर, दादा. तेवढं लिव तिथं."

त्याप्रमाणे लिहितो. उपरोक्त आरशाचे कपाट, तीन खण, आतील लुगड्याच्या अस्तरासह, माझी मुलगी राजुल सन्मती मगदूम हिला द्यावे. रंगाबाबत साक्षीदार क्रमांक दोन यांची हरकत आहे, ती नोंदवली.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: कवठे महांकाळ
दिनांक: ९ मार्च २०२५

लिहून ठेवणार:
सन्मती रामगोंडा मगदूम (सही)

साक्षीदार:
१. भाऊसो तात्याबा शिंदे (सही)
२. जिनेंद्र रामगोंडा मगदूम (सही)