हत्तीची आई

दि. ९, गुरुवार

प्रिय ताई,

इथं सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतोय, आई त्याहून जास्त. घरात फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. सांगते.

आधी कामाचं. मावशीच्या दुसरीच्या वर्गासाठी मी चित्रांच्या गोष्टी करते. पुस्तकाच्या पानांचे फोटो काढायचे, आवाज भरायचा, जोडून पाठवायचं. मावशी ते भिंतीवर मोठं करून दाखवते. कपाटात पांघरुणांमध्ये डोकं खुपसून बोलते मी, तिथं आवाज घुमत नाही. बेडकाची उडी म्हणजे ओलं फडकं फरशीवर आपटायचं! अडखळते तेवढं कापून टाकते.

गेल्या आठवड्यात घोळ झाला. अंघोळीला घाबरणाऱ्या हत्तीची गोष्ट न कापताच पाठवली. त्यात माझं 'सों-सों-सोंड' तसंच राहिलं, आणि मधेच आई ओरडलीये, "अगं, बादली वाहतेय! कान फुटले का तुझे?"

पोरांना वाटलं, ही हत्तीचीच आई. आता कुठलीही गोष्ट लावली तरी विचारतात, "ह्याची आई कधी ओरडणार?" आपली आई घरभर मिरवतेय. "बघ, न शिकता कलाकार झाले!"

काल मी बघायला गेले होते. दारातूनच परत आले. डोकं दुखत होतं.

नाही, दुखत नव्हतं. अख्खा वर्ग हाताची सोंड करून "सों-सों-सोंड!" ओरडत होता आणि हसत होता. तेच हसू, ताई. शाळा सोडली तेव्हा तुला आईच्या गुडघ्याचं कारण सांगितलं होतं ना? गुडघा तेव्हा धडधाकट होता. मला वर्गात उभं राहून धडा वाचावा लागणार होता, म्हणून सोडली.

संध्याकाळी मावशी आली. "पळालीस ना गं?" मी मटार सोलत राहिले. "शुक्रवारी प्रोजेक्टर मोठ्या वर्गाला दिलाय. माझी पोरं ऐकायची नाहीत. पुस्तक घेऊन तूच ये." मग तिनं वर्गाचं रेकॉर्डिंग माझ्या फोनवर पाठवलं.

तेच ऐकतेय कालपासून. हसून झालं की पोरं ओरडतात, "परत! परत लावा!"

आमच्या वर्गात हसून झालं की बाई म्हणायच्या, "बस खाली."

सकाळपासून एका जागी बसवत नाहीये, तू मला खार म्हणतेस ते उगाच नाही. पुस्तक पिशवीत टाकते, काढते, परत टाकते. आई म्हणाली, "मी खिडकीबाहेरून ओरडीन हवं तर. पण बोलायचं तू." उद्या जातेय. हे पत्र आत्ताच टाकते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

आणि फोनचं. मी अडखळले की तू मायेनं माझं वाक्य पूर्ण करतेस. म्हणून मी फोनवर 'हो, बरं, ठेवते' एवढंच बोलते. पत्र मिळालं की फोन कर. वर्गात काय झालं ते सांगेन. वेळ लागेल.

थांबशील ना?

तुझी,
खार